मशीनला न मानवलेलं नाव

१ डिसेंबर १९९३

कॉम्प्युटर आज दुरुस्त होऊन आला. दिवाळीच्या तोंडावर त्यानं अंग टाकलं होतं. उस्मानपुऱ्यातले इंजिनिअर कमरोद्दीन त्याला रिक्षात मांडीवर घेऊन गेले होते, आज तसेच मांडीवर घेऊन आले. औंढेकर साहेबांनी नारळ फोडला. पाणी मशीनवर उडू नये म्हणून तो दाराबाहेर, आम्ही चपला काढतो तिथे फोडला. त्यामुळे सगळ्या ऑफिसच्या चपला ओल्या झाल्या.

चिकलठाणा एमआयडीसीत स्कूटरचे सुटे भाग करणाऱ्या कंपन्या रग्गड आहेत, पण एवढ्याशा शेडमध्ये कॉम्प्युटर असलेली आमची एकटीच. तो चालवायला वहिदाबाई आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी, टाइम ऑफिसचा, म्हणजे हजेरीचा क्लार्क. मी औरंगपुऱ्यात सहा महिन्यांचा कोर्स केला आहे. वहिदाबाईंनी दोन वर्षांचा केला आहे, पण कोर्सच्या लांबीवर काही नसतं. मुळात जात्याच अक्कल लागते.

मशीन सुरू झालं, कामगारांची यादी उघडली आणि माझं डोकंच फिरलं. दसऱ्याच्या सुमारास मी माझं नाव बदललं आहे. रीतसर, सरकारी राजपत्रात छापून. कडुबाचा अविनाश झालो. मशीनमध्येही तेव्हाच बदलून घेतलं होतं. आज बघतो तर पुन्हा कडुबा सोनाजी कोकरे! इंग्रजी अक्षरांत तर ते आणखीच कडू दिसतं.

कमरोद्दीन म्हणाले, "कोकरे साहब, हार्ड डिस्क नवी टाकली. माल पुरानी फ्लॉपी से भरा. फ्लॉपी जुनी, तो नाम भी जुना. इसमें मशीन का कसूर नहीं."

वहिदाबाईंनी लगेच अविनाश करून दिलं. मी दोनदा वाचून खात्री केली. करायलाच हवी. जानेवारीत आम्हा आठ जणांना कंपनी कायम करणार आहे. कायमचं पत्र याच यादीवरून निघणार, आणि त्यावर जे नाव असेल तेच फंडात, बँकेत आणि शेवटी भिंतीवरच्या फोटोखाली. तिथे एकदा कडुबा छापलं गेलं की मी मेलोच.

२ डिसेंबर

आई अजून नवं नाव घेत नाही. राजपत्र आलं त्या दिवशी विचारलं होतं, "म्हंजी काय रं?" मी म्हणालो, ज्याचा कधीच नाश होत नाही तो. तिनं पिठाचा हात तसाच माझ्या तोंडावर ठेवला.

"असं मोठ्यानं बोलू नाय. कोण ऐकतंय काय ठावं?"

जुनी माणसं. माझ्याआधी तिची तीन लेकरं गेली. मग मी झालो तेव्हा करमाडच्या आमच्या वाडीत मला उकिरड्यावर लोळवलं, शेजारच्या चंपाबाईला सूपभर कोंड्याला विकलं, परत विकत घेतलं आणि नाव ठेवलं कडुबा. कडू जिन्नस कोण उचलून नेणार, असा हिशेब. आईचं स्वतःचं नाव दगडाबाई, मामाचं धोंडिबा, तेही असेच गेलेल्या भावंडांच्या मागून जगलेले. आमच्या घरात माणसं कमी आणि दगडधोंडे जास्त. चंपाबाई अजून भेटली की "माझ्या मालकीचं पोर" म्हणते आणि माझ्याकडून चहा उकळते.

आता ते दिवस गेले. मुकुंदवाडीत आमची पत्र्याची का होईना स्वतःची खोली आहे, माझ्याकडे लुना आहे, ऑफिसात एसी आहे. पण पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपमधले लोक अजून "ए कडू कारल्या" म्हणतात. मुलगी बघायला गेलो फुलंब्रीला, तर मुलीच्या धाकट्या बहिणी नाव ऐकून आत पळाल्या आणि आतून हसण्याचा आवाज आला. बस झालं.

७ डिसेंबर

यादीत पुन्हा कडुबा!

मी वहिदाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "या अल्लाह! परत?" आणि चष्मा पुसत बसल्या. त्यांनाही धक्काच बसला होता. मी म्हणालो, घाबरू नका, मी आहे.

याचा अर्थ स्वच्छ आहे. दुरुस्तीच चुकली. आपण गाडी गॅरेजला देतो ब्रेकसाठी आणि येताना हॉर्न बंद पडतो, त्यातलाच प्रकार. कमरोद्दीनना फोन लावला.

आई कालपासून माझा डबा स्वतः घेऊन येते. सकाळी डबा नेत जा म्हटलं की म्हणते, "गार खाऊ नाय. म्या चालत आणते, तेवढंच पाय मोकळं व्हत्यात." दुपारी मी कँटीनमध्ये जेवतो तेव्हा ती टाइम ऑफिसच्या गार हवेत बसते. बसू दे. तिला एसीचं फार कौतुक.

९ डिसेंबर

कमरोद्दीन आले. मशीन पोटापर्यंत उघडलं, फुंकर मारली, बंद केलं. म्हणाले, "व्हायरस असू शकतो."

औंढेकर साहेबांनी हे ऐकलं आणि खुर्ची मागे सरकवली. दुपारपर्यंत कॉम्प्युटरच्या खोलीत फिनाइल मारून झालं. ज्याला सर्दी आहे त्यानं आत यायचं नाही, असा हुकूम निघाला. स्वतः साहेब तोंडाला रुमाल बांधून दारातून हजेरीचा कागद घेत होते. मी त्यांना समजावणार होतो की हा व्हायरस तसला नसतो. पण नक्की कसला असतो हे कोर्समध्ये शिकवायचं राहिलं होतं, म्हणून मीही रुमाल बांधला.

चहाच्या वेळी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा विषय निघाला. हल्ली रोज निघतो. साहेब म्हणाले, "अहो, नावासाठी इतकं कशाला भांडायचं? इमारत तीच, प्रोफेसर तेच."

आमचे स्टोअरकीपर पुंजाराम साळवे बशी खाली ठेवून म्हणाले, "बरं साहेब. मंग तुमच्या केबिनीवरची पाटी काढून स्टोअरात ठिऊ का? केबिन तीच राह्यली."

साहेबांनी रुमाल पुन्हा तोंडाला बांधला.

मी पुंजारामभाऊंना म्हणालो, आपण दोघं एकाच लढ्यातले, तुमचंही नामांतर, माझंही. ते रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. "तुझ्यासाठी कुणाचं घर जळालं का रं?" एवढंच म्हणाले. त्यांचं अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत जळालं होतं. उगीच बोललो.

१४ डिसेंबर

शुक्रवारी अविनाश, सोमवारी कडुबा. काल दुपारी जेवायच्या आधी मी स्वतः अविनाश केलं, आज सकाळी पुन्हा कडुबा.

आता मी स्वतः शास्त्रीय पद्धतीनं तपास हातात घेतला आहे. पहिला संशय अर्थिंगवर. शेडच्या मागचा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता. त्यात मिठाचं पाणी ओतलं. वॉचमन म्हणाला, काय पेरता साहेब?

आईची आणि वहिदाबाईंची चांगलीच गट्टी जमली आहे. आई त्यांच्यासाठी धपाटी आणते, त्या आईला शीरखुर्मा शिकवतात. आई त्यांना पोरी म्हणते, त्या तिला खाला, म्हणजे मावशी म्हणतात. आज जेवून आलो तर दोघींचे डोळे ओले. विचारलं तर वहिदाबाई म्हणाल्या, "कुछ नहीं, फिनाइल का वास." मी खिडकी उघडून दिली.

त्यांच्या थोरल्या भावाचं नाव फकीर महंमद आहे म्हणे. रोशन गेटला दुमजली घर आहे आणि नाव फकीर! त्यांच्या अम्मीनं लहानपणी त्याला दर्ग्यात फकिराच्या झोळीत घालून परत मागून घेतलं होतं. मला हसू आलं. आई मात्र मान हलवत म्हणाली, "शहाणी माय हाये तुजी."

२० डिसेंबर

विजय! आई चंपाषष्ठीला करमाडला गेली आहे, खंडोबाचं करायला. गुरुवारी गेली, आज संध्याकाळी येईल. या सगळ्या दिवसांत मशीननं एकदाही त्रास दिला नाही. रोज सकाळी उघडून बघतो, अविनाश. दुपारी बघतो, अविनाश.

मिठाचं पाणी! इंजिनिअर झाले म्हणून काय झालं, खड्ड्यात डोकावून कोण बघतो? औंढेकर साहेबांनी पाठ थोपटली. कमरोद्दीनना फोन करून सांगितलं तर त्यांनी "मीठ?" असं दोनदा विचारलं. वरमले असावेत.

घरी मात्र करमत नाही. कँटीनचं वरण म्हणजे पिवळं पाणी. खोलीत शिरताना कुणी "आलास का कडू?" म्हणत नाही, त्यामुळे आल्यासारखंच वाटत नाही.

२२ डिसेंबर

कडुबा.

मीठ संपलं असेल म्हणून अजून दोन किलो ओतलं. मशीनवर ढिम्म परिणाम नाही.

२७ डिसेंबर

कारण सापडलं. एवढा साधा शोध आणि तो मला लागला.

बिघाड कधी सुरू झाला? आई डबा आणू लागली तेव्हापासून. बिघाड कधी थांबला? आई करमाडला गेली तेव्हा. पुन्हा कधी आला? ती परत आल्यावर. म्हणजे दोष कशात? डब्यात!

आमचा डबा पितळी, चार खणांचा, आजोबांच्या वेळचा. मेंढरांमागं हिंडताना ते त्यात ताक न्यायचे. आई तो नेमका कॉम्प्युटरशेजारी टेबलावर ठेवते. त्याच्यातून काहीतरी लहरी निघत असणार आणि डिस्कवरचं ताजं लिखाण पुसलं जात असणार. ताजं पुसलं गेलं की खालचं जुनं वर येतं, पाटीवर येतं तसं.

कमरोद्दीनना तातडीनं बोलावलं. त्यांच्यासमोर डबा मशीनच्या डोक्यावर ठेवून दाखवला. त्यांनी डबा हातात घेतला, वास घेतला, उघडला, आतलं शेंगदाण्याचं कोरड्यास, म्हणजे कालवण, चाखलं.

"कोकरे साहब, पंधरा साल से रेडिओ, टीवी, कॉम्प्युटर, सब खोल के देखा. ऐसी केस नहीं देखी."

मी म्हणालो, ज्ञानाला अंत नाही.

वहिदाबाईंना हसू आवरत नव्हतं. तोंडाला ओढणी लावून बाहेर गेल्या. जाताना कमरोद्दीनच्या कानात काहीतरी म्हणाल्या. मग कमरोद्दीनही गंभीर झाले आणि म्हणाले, "बराबर है साहब. डब्बा बाहेर ठेवा. बाकी... देखेंगे." बिल न मागताच गेले. हरले की माणूस असाच जातो.

आईला सांगितलं, डबा दाराबाहेर चपलांपाशी ठेवायचा. ती म्हणाली, "ठिवते बाबा. डब्याचंच काम हाये ते."

३ जानेवारी १९९४

डबा बाहेर, तरी कडुबा आत. डोकं चालेनासं झालं आहे. बारा तारखेला पत्रं छापायची आहेत.

आज शेवटचा उपाय केला. मशीनला गुप्त शब्द घातला. तो टाकल्याशिवाय यादी उघडत नाही. शब्द फक्त मला आणि वहिदाबाईंना माहीत आहे. वहिदाबाईंना सांगावाच लागला, त्याच मशीन चालवतात. म्हणजे आता बाहेरच्या कुणाचा हात लागण्याचा प्रश्नच मिटला.

८ जानेवारी

गुप्त शब्द असतानाही पाचला कडुबा, सातला कडुबा.

आज एक गंमत झाली. जेवण अर्धवट टाकून मी मशीनवर पाळत ठेवायला आलो. काचेच्या दारातून बघतो तर आई मशीनसमोर खुर्चीवर, चक्क माझ्या खुर्चीवर, आणि वहिदाबाई शेजारी वाकून पडद्यावर बोट ठेवून दाखवताहेत. "देखो खाला, हे बघा. आहे ना?" आईला अक्षर ओळखता येत नाही. तिनं बोट पुढं करून पडद्यावरच्या त्या ओळीला हात लावला, अगदी लेकराच्या गालाला लावतात तसा. मग दोन्ही हात पडद्यावरून उतरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

म्हणजे मशीनची दृष्ट काढत होती! माझ्या मशीनची आईला इतकी काळजी. मी आत गेलो तशी वहिदाबाईंनी पडदा चटकन बंद केला. पडदा फार वेळ चालू राहिला की तापतो, त्यांना ते बरोबर कळतं. चांगल्या बाई आहेत.

बाहेर गावात वातावरण तंग आहे. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय होणार म्हणतात. चौकाचौकांत पोलीस. पुंजारामभाऊ हल्ली कमी बोलतात आणि खिशातला छोटा रेडिओ कानाला लावून बसतात.

११ जानेवारी

वहिदाबाई आज रजेवर. मला कल्पना सुचली, की उद्याची वाट कशाला बघा? गुप्त शब्द टाकला, यादी उघडली, कडुबाचं अविनाश केलं आणि त्याच बसल्या बैठकीला आठही पत्रं छापून काढली. मशीनला विचार करायला वेळच दिला नाही. प्रिंटर करकर करत होता आणि माझ्या पत्रावर अविनाश सोनाजी कोकरे असं ठसठशीत उमटत होतं. साहेब पुण्याला गेले आहेत. पंधराला आले की सही होईल.

येताना पेंटरकडून लुनाच्या हँडलच्या पत्र्यावर लाल अक्षरांत "अविनाश" लिहून घेतलं. माझ्याकडं तोंड करून, म्हणजे चालवताना वाचता येईल असं.

आईला पत्र छापल्याचं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापताना तिची भाकर कधी मोडत नाही, आज मोडली. "मशीननं छापलं?" म्हणाली. हो म्हटलं. "आन् वहिदा कुठं व्हती?" रजेवर होत्या, मी म्हणालो. आईनं स्वतःच्या ताटात भाकरी घेतलीच नाही.

१२ जानेवारी

डाव्या हातानं लिहितो आहे. उजवा मनगटात मुरगळला आहे आणि हनुवटीला चार टाके.

जालना रोडवर विमानतळाच्या अलीकडं रुंदीकरणाची खडी टाकली आहे. मी हँडलवरचं नाव वाचत होतो. सकाळच्या उन्हात लाल रंग काय उठून दिसत होता! तेवढ्यात खडी आली. म्हणजे खडी तिथेच होती, मी आलो. लुना एकीकडं, मी दुसरीकडं. मागून ट्रक येत होता, त्यानं वेळेवर ब्रेक मारला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "वाचलास! आईची पुण्याई."

पुंजारामभाऊंनी मला घरी आणून सोडलं. आईनं मला पाहिलं, आणि मी कधी ऐकला नव्हता असा तिचा आवाज निघाला. तेव्हापासून ती उशाशी बसून आहे. "कडू, माझ्या कडू, माझ्या कडू" एवढंच म्हणते. कुणाला तरी ऐकू जावं अशा मोठ्या आवाजात म्हणते, दाराकडं बघून.

१३ जानेवारी

सकाळी मी आईला म्हणालो, अगं, खडीनं पडलो. नावानं कुणी पडतं का?

ती बोलली. एवढी ती कधी बोलत नाही.

"थोरल्याचं नाव राजाराम ठिवलं व्हतं. दुसऱ्याचं हिरामण. पोरीचं सोनी. समदी सोन्याहिऱ्याची नावं. कौतुकानं हाका मारल्या. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलं आन् नेली. तुझ्या टायमाला म्या तोंड शिवून घेतलं. न्हाऊ घातलं तरी म्हणायची, कसलं हे कडू कार्टं! मनातून मुके घ्यायची आन् तोंडानं शिव्या द्यायची. लई जड जातं रं ते. पर तू राह्यलास. तू हो काय बी, साहेब हो, मशीनीचा मालक हो. तेवढं नाव नगं सोडू. माझ्याकडं दुसरं हाये काय तुला झाकायला?"

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. खडीनंच पडलो. पण मला रडू आलं. हनुवटीचे टाके ओढले गेले आणि दुखलं, तरी आलं. मला नेहमी वाटायचं, आईनं माझ्यासाठी चार घरांतलं सगळ्यांत टाकाऊ नाव वेचलं. लेकराचा मुका घ्यायच्या जागी शिवी देत तिनं सगळा जन्म काढला, हे मला आज कळलं.

१४ जानेवारी

संक्रांत. कंपनी बंद. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी.

संध्याकाळी पुंजारामभाऊ आले. विद्यापीठाचं नाव झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. ते आनंदात होते आणि त्यांना बसवतही नव्हतं. आईनं तिळगूळ दिला. तो हातात धरून म्हणाले, "बाबासाहेबांचं नाव पुढं लागलं. आम्ही आख्खं नामांतर मागितलं व्हतं, यांनी नावाचा इस्तार केला. जुनं ठिवलं, त्याला नवं जोडलं. काही जण नाराज हायेत, म्या बी थोडा हाये. पर उद्या त्या कमानीपाशी उभा राहीन आन् वाचीन. जे गेले त्यांच्यासाठी मोठ्यानं वाचीन."

मग त्यांचे डोळे भरले. आईला सगळं कळलं असेल नसेल, पण तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसरा तिळगूळ दिला.

जाताना माझ्या लुनाकडं बघून म्हणाले, "नाव लई झाक लिव्हलंय. फक्त गाडी चालवताना वाचू नकं."

१५ जानेवारी

पट्टी बांधलेल्या हातानं ऑफिसला गेलो. वहिदाबाईंनी आधी विचारलं, "खाला कैसी है?" मग माझा हात पाहिला. रजा घेऊन काही चूक केली असावी तसा चेहरा झाला त्यांचा.

मी म्हणालो, साहेब दुपारी सही करतील. पण माझ्या पत्राचं काय करावं कळत नाही. अविनाश ठेवावं तर घरी आई जेवत नाही. कडुबा करावं तर इथे मी जेवू शकत नाही.

वहिदाबाई म्हणाल्या, "कोकरे साहब, एक बोलू? दोन्ही ठेवा की. पुंजाराम चाचा सकाळी सांगत होते ना, विद्यापीठाचं जुनं ठेवून नवं जोडलं."

पुंजारामभाऊ हजेरीचा कागद न्यायला आले होते. मला वाटलं चिडतील. ते हसले. "कर बाबा. आमचं सोळा वर्षांत जेवढं झालं, तुझं एका दुपारीत व्हतंय. तेवढंच मशीनीचं सुख."

वहिदाबाईंनी विचारलं, पुढं कुठलं घालू? आणि बोटं कळांवर ठेवून माझ्याकडं बघत थांबल्या. राजपत्राच्या हिशेबानं अविनाश पुढं हवं. पण मी म्हणालो, कडुबा पुढं. यादी वाचायला जो कुणी येतो तो घाईत असतो, पहिलंच नाव वाचून पुढं जातो. माझा विश्वास नाही, पण आईच्या दृष्टीनं ते बरं.

वहिदाबाईंनी चष्मा काढून पुसला. मग छापलं. कडुबा ऊर्फ अविनाश सोनाजी कोकरे. औंढेकर साहेब "हे ऊर्फ काय? दरोडेखोर आहात का?" म्हणाले आणि सही केली. मी कायम झालो.

२४ जानेवारी

मशीनमध्ये त्या दिवसापासून काहीही बिघाड नाही. रोज तपासतो. दोन्ही नावं जिथल्या तिथे. डबा पुन्हा टेबलावर ठेवून पाहिला, तरी काही नाही. आई रोज येते, आज तर पडद्याला हळदीकुंकू लावायला निघाली होती.

मी कमरोद्दीनना फोनवर निष्कर्ष कळवला: मशीनच्या नव्या डिस्कला एकदम नवं नाव मानवत नव्हतं. जुन्याचा आधार देऊन नवं भरलं की ते धरून ठेवतं. नवं दही लावताना जुन्या दह्याचं विरजण घालतात, तसं. ते म्हणाले, "वाह साहब. हे मी दुसऱ्या गिऱ्हाइकांना पण सांगतो." फोनवर त्यांच्या मागून कुणीतरी बाई हसल्याचा आवाज आला. वहिदाबाईंसारखा वाटला; त्या आज लवकर निघाल्या होत्या खऱ्या, पण तिथे कशाला असतील? इंजिनिअरला कळलं नाही ते मला कळलं, यातच सगळं आलं.

संध्याकाळी घरी गेलो तर आई उंबऱ्यात. मला आत ओढलं. दाराबाहेर डोकावून गल्ली दोन्ही बाजूंनी बघितली. दार लावलं, खिडकी लावली. रांजणावर झाकण नव्हतं, तेही ठेवलं. मग माझं डोकं खाली वाकवून, कानाला तोंड लावून, इतक्या हळू की मला तिचा श्वासच जास्त ऐकू आला, म्हणाली,

"अविनाश."

पुन्हा एकदा म्हणाली. तिला ते नीट म्हणता येतं. कुणालाही ऐकू न जाता तिनं सराव केला असणार.

मग तिनं दार सताड उघडलं आणि आख्ख्या मुकुंदवाडीला ऐकू जाईल असं ओरडली, "कडू! ए कडू मुडद्या! हात धू अन् गिळायला बस!"

मी हात धुतले आणि जेवायला बसलो.